बंपरपुढच्या चपला

आईवडील सोडले तर माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर आमच्या शेजारच्या भानुदासतात्यांचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढलो, पदवी घेतली, नोकरीला लागलो आणि या सगळ्या वाटेवर तात्या कुठं ना कुठं उभे होते. बहुतेक वेळा हातात जॅकचा दांडा घेऊन.

याच तात्यांनी सध्या आमच्या घरच्यांची झोप उडवली आहे. तुळशीच्या लग्नानंतर माझ्या धाकट्या बहिणीचं, सविताचं लग्न आहे. ती शाळेत असताना तात्यांनी तिला शब्द दिला होता, की नवरी होऊन कार्यालयात जाशील ती माझ्या गाडीतनं. सविता तो शब्द विसरलेली नाही. नवऱ्या मुलाकडच्यांनी फुलं लावलेली नवी गाडी पाठवतो म्हटलं, तर तिनं नको म्हणून सांगितलं. आणि तात्यांची गाडी पावसाळ्याच्या आधीपासून त्यांच्या अंगणात दोन लोखंडी घोड्यांवर चढून बसली आहे. पुढची दोन्ही चाकं हवेत. तात्या ती खाली घ्यायला तयार नाहीत. कारण काय, तर बंपरच्या पुढं चपलांचा एक जोड आहे. त्या चपला माझ्या आहेत, आणि मी आहे चंद्रपूर जिल्ह्यात.

हे प्रकरण समजायचं तर आधी तात्या समजले पाहिजेत.

तात्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. उसानं भरलेल्या ट्रॉल्या काट्यावर चढायच्या, तात्या आकडा लिहायचे. एवढी वर्षं वजनं बघून त्यांना जगात दुसरं काही दिसेनासं झालं. नव्या माणसाशी ओळख झाली की ते त्याचं गाव विचारत नाहीत. "वजन कुठं टेकलंय?" असं विचारतात. म्हणजे पोट कशावर चालतं. माझी परीक्षा जवळ आली की विचारायचे, "मास्तर, यंदा वजन कुठल्या विषयावर टेकलंय?" मी अकरावीला गेलो त्या दिवसापासून ते मला मास्तर म्हणतात. सविताचं स्थळ बघायला गेले तेव्हा भर बैठकीत त्यांनी मुलाच्या वडिलांना हाच प्रश्न केला. त्या गृहस्थांनी गोंधळून बसलेल्या खुर्चीकडे बघितलं.

निवृत्त झाल्यावर तात्यांनी एक जुनी निळी चारचाकी घेतली आणि जाहीर केलं, की गाडीची सगळी कामं आपण घरीच करणार. त्यासाठी ते पुण्याला जाऊन गाडीखाली लावायच्या दोन लोखंडी घोड्या घेऊन आले. तीन पाय, वर खाच, उंची कमीजास्त करायला खिट्टी. एसटीत दोन्ही घोड्या मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, खाली ठेवा की." तात्या म्हणाले, "ह्या गाडी तोलणार हायेत. मी एक दिवस ह्यास्नी तोललं तर काय बिघडलं?"

आता इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तात्यांना गाडी दुरुस्त करता येत नाही. अजिबात नाही. त्यांनी तेल बदललं की तेल गळतं. ब्रेक साफ केले की ब्रेक वाजतात. दर वेळी काम झाल्यावर गाडी खाली उतरते आणि सावकाश इंदापूरच्या गॅरेजला जाते, तिथं तात्यांनी केलेली दुरुस्ती दुरुस्त होते. पण गाडी उचलणं! त्यात तात्यांचा हात धरणारा माणूस बारामतीपासून नरसिंहपूरपर्यंत सापडायचा नाही.

गाडी उचलायचा दिवस म्हणजे आमच्या आळीत लहानसा सण असतो. सकाळी तात्या आमच्या दारात येतात. "सुमन, परात दे." आई कणीक भिजवत असली तरी परात द्यावी लागते. तात्या परातीत पाणी भरून ती अंगणातल्या शहाबादी फरशीवर ठेवतात आणि उकिडवे बसून पाण्याची कड बघतात. पाणी एका बाजूला चढलं तर जागा बदलायची. एकदा सगळं अंगण फिरून झाल्यावर त्यांना कळलं, की उतार अंगणाला नाही, आमच्या परातीलाच पोचा आहे. तेव्हापासून ते परात आधी पालथी घालून हात फिरवून तपासतात. आई म्हणते, "पोराला मुलगी बघताना पण इतकं बघायचे न्हाईत."

मग हँडब्रेक. मग पहिला गिअर. मग मागच्या चाकांना पुढून आणि मागून चुना लावलेले दगड. जॅकच्या खाली बाभळीची जाड फळी. फरशी असली तरी फळी, कारण "फरशीखाली आपलीच काळी माती हाय, आन् ती कुणाची न्हाय." जॅक कुठं लावायचा ते त्यांनी गाडीच्या पोटाला खडूनं खूण करून ठेवलं आहे. पत्र्याला नाही, सांगाड्याला. एक बाजू उचलली की तिच्याखाली घोडी, मग दुसरी बाजू, मग दुसरी घोडी. जॅक ढिला करत वजन हळूहळू घोड्यांवर सोडायचं. हे चालू असताना तात्या श्वास घेत नाहीत आणि आजूबाजूच्यांनीही घेऊ नये अशी त्यांची अपेक्षा असते.

"जॅक उचलतो, मास्तर. सांभाळत न्हाय. सांभाळती घोडी." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. एकदा माझे वडील सहज बोलून गेले, "तात्या, घोड्या कशाला? चार विटा लावल्या असत्या की." तात्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू वडिलांनी देवाला चपलेनं वारा घातला होता. "वीट घराला असती. गाडीखाली वीट फुटती, आन् ती सांगून फुटत न्हाय." त्यानंतर आठवडाभर त्यांनी वडिलांच्या शेतातली भेंडी घेतली नाही.

घोड्या लागल्या, की तात्या गाडीकडे पाठ करतात आणि म्हैस झाडाला अंग घासते तसे कुल्ल्यांनी गाडीला रेटे देतात. आधी हळू, मग जोरात. गाडी हलली नाही की समाधानानं मान हलवतात. मगच माणूस खाली जाऊ शकतो. आणि खाली जाण्याआधी, इथं खरा नियम येतो, त्यानं चपला काढून बंपरच्या पुढं ठेवायच्या.

"दारातली चपल म्हंजे माणूस घरात," तात्या सांगतात. "बंपरम्होरली चपल म्हंजे माणूस गाडीखाली. ज्याची त्यानं येऊन घातली, की मगच जॅक. दुसऱ्यानं उचलायची न्हाय. दुसऱ्याला काय ठावं, कोण कुठं हाय?"

नियम चांगला आहे. अडचण एवढीच, की आपल्याकडची माणसं कुठंही चार चपला दिसल्या की तिथंच आपलीही काढतात. आमचे ग्रामसेवक एकदा घरपट्टीच्या कामासाठी तात्यांकडे आले. बंपरपुढं तात्यांच्या चपला दिसल्या, म्हणून त्यांनीही शेजारी काढल्या. काम अर्धं टाकून अनवाणीच बाहेर आलेल्या तात्यांबरोबर आत जाऊन चहा घेतला, गप्पा मारल्या आणि जाताना फोनवर बोलत बोलत तात्यांच्याच चपला घालून निघून गेले. संध्याकाळी तात्या गाडी उतरवायला गेले, तर बंपरपुढं परका जोड.

दुसऱ्या कुणीही हसून चपला बाजूला केल्या असत्या. तात्या तसेच अनवाणी एसटीत बसले आणि इंदापूरला गेले. पंचायत समितीत बैठक चालू होती. तात्या दारात उभे राहून म्हणाले, "सायेब, तुमी अजून माझ्या गाडीखाली हाय."

बैठक थांबली. साहेब घाबरून म्हणाले, "कोण? मी?"

"तुमीच. पायात बघा."

साहेबांनी पायात बघितलं. मग ते तात्यांच्या बरोबर आले, आपल्या चपला घातल्या, आणि तात्यांनी त्यांना तीन पावलं चालायला लावलं. "आता सुटला तुमी," असं म्हणून जॅकला हात घातला. जाताना साहेबांनी हात जोडले. आमची घरपट्टीची पावती तेव्हापासून घरपोच येते.

माझ्या शिक्षणाशी याचा काय संबंध, असं वाटेल. आहे. बीएच्या शेवटच्या वर्षी अर्थशास्त्राच्या पेपरला माझी बारामतीची एसटी चुकली. वडील शेतात होते. मी रडवेला होऊन रस्त्यावर उभा राहिलो, तर तात्या गाडी काढून हजर. "बस. एसटी काय एकट्या सरकारकडंच हाय व्हय?"

निम्म्या वाटेत टायर पंक्चर झालं. तात्यांनी गाडी लगेच थांबवली नाही. रस्त्याच्या कडेची माती भुसभुशीत होती, म्हणून एका पेरूवाल्याच्या टपरीपुढची सपाट, टणक जागा येईपर्यंत ती लंगडत नेली. मग सुरू झालं. हँडब्रेक. गिअर. डिकीतून दगड. फळी. चाक जमिनीवर असतानाच नट ढिले केले. मग जॅक. स्टेपनी काढून गाडीच्या पोटाखाली सरकवली, जॅक निसटला तर गाडी तिच्यावर बसावी म्हणून. मी सवयीनं चपला काढून बंपरपुढं ठेवल्या होत्या आणि अनवाणी येरझाऱ्या घालत होतो.

"तात्या, घोडी राहू द्या ना. नुसतं चाक तर बदलायचंय."

"मास्तर, पेपर फुडल्या वर्षी पण असतोय."

तेवढ्यात एक मोटारसायकलवाला थांबला. थोडा वेळ बघून म्हणाला, "म्हातारबा, टायर बदलायचाय का सत्यनारायण घालायचाय?"

तात्यांनी मान वर केली. राग आला असेल असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "तुझ्या मागची जागा मोकळी हाय न्हवं? मग ह्याला बारामतीत कॉलेजावर सोड. पेपर हाय त्याचा. शिकून पुजेला बामण म्हणून त्योच येईल."

मी उडी मारून मागं बसलो. गाडी सुटली तसा मागून आवाज आला, "मास्तर, चपला!" मोटारसायकलवाला बिचारा परत वळला. मी चपला घातल्या आणि तात्यांनी हात वर करून मला सोडलं.

पेपर वेळेवर मिळाला. सुटल्यावर बाहेर आलो, तर कॉलेजच्या फाटकाशी तात्या कागदातले शेंगदाणे खात बसले होते. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही. "वजन कुठं टेकलं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "चौथ्या प्रश्नावर." त्यांनी उरलेले शेंगदाणे माझ्या हातावर ओतले.

वडिलांच्या मनात मी टेम्पो चालवावा असं होतं. त्यात चुकीचं काही नव्हतं, भाजी रोज बाजारात न्यावीच लागते. बारावीनंतर आणि पुन्हा बीएनंतर तात्यांनी त्यांना आमच्या ओट्यावर बसून समजावलं. "पोरगं वर उचलून झालंय. आता मधीच हात काढून घेऊ नगा. थोडा टेकू द्या." त्यांना दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलता येत नाही.

या उन्हाळ्याच्या शेवटी मी तात्यांच्या गाडीखाली होतो. तेल बदलायचं होतं आणि तात्यांची पाठ धरली होती. मी खाली पडून जुन्या तेलाचं भांडं धरलं होतं, तात्या बाहेरून सूचना देत होते. एवढ्यात सविता ओरडत आली, "दादा! ऑर्डर आली! तुझी नोकरीची ऑर्डर आली!" मी मागच्या चाकाकडून बाहेर आलो आणि तेलकट हातांनी तसाच अनवाणी घराकडे पळालो. मागून तात्या काहीतरी ओरडले. काय ओरडले असतील ते आता मला कळतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले सांगता येत नाही. पेढे, कागदपत्रं, पाया पडणं. तात्या बारामतीला जाऊन माझ्यासाठी काळे बूट घेऊन आले. "पैल्या दिवशी सायबाच्या पायात बूट पायजेत." ते बूट घालून मी निघालो. तात्यांनी मला इंदापूरच्या स्टँडवर एसटीनं सोडलं. गाडी का नाही, हे त्या गडबडीत कुणीच विचारलं नाही. मी बूट घालून गेलो आणि चपला तिथंच राहिल्या.

तात्या फोनवर फार बोलत नाहीत. मोठ्यानं "जेवला का?" विचारतात, उत्तर ऐकायच्या आत "ठेवतो" म्हणतात. गाडीचं विचारलं तर, "काम चाललंय." मला वाटलं, नेहमीसारखं तेल गळत असेल.

लग्नाची तारीख धरल्यावर आईचा फोन आला तेव्हा सगळं कळलं.

"आरं, ती गाडी अजून वरच हाय. तात्या सगळीकडं एसटीनं हिंडत्यात. सविता रोज रडती. मी म्हणलं, तात्या, त्याच्या चपला मी घरी घिऊन जाते. तर म्हणले, सुमन, हात लावू नगंस, माणूस खालीच हाय."

"आई, त्यांना सांग ना, मी इथं आहे."

"त्यास्नी ठावं न्हाय व्हय तू कुठं हायेस? रोज कॅलेंडर बघत्यात." मग आईनं आवाज खाली आणला. "मी काल सांजच्याला गेले होते परात आणायला. तात्या बाजारातनं आले. तर आपल्या चपला दारात न्हाय काढल्या. तितं बंपरपाशी, तुझ्या शेजारी काढल्या. तुझ्यावरची धूळ झटकली. मी बघती म्हणल्यावर लाजले. म्हणले, म्हातारी गेल्यापास्नं दारात एकच जोड असतो. घरी यिताना दोन दिसले की बरं वाटतं गं."

मग ती म्हणाली, "जेवलास का?" आणि तिनंही फोन ठेवला.

माझी नोकरी नवी आहे. लग्नापुरती रजा मिळाली होती, पण मला एक दिवस आधी पोहोचायला हवं होतं. साहेबांनी अर्जावर बोट ठेवून विचारलं, "आदल्या दिवशी काय आहे?"

"सर, गाडी खाली उतरवायची आहे."

"ती दुसरं कुणी उतरवू शकत नाही?"

मी त्यांना सगळं सांगितलं. परात, घोड्या, ग्रामसेवक, चपला. साहेब हनुवटीला हात लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुम्ही अजून तिकडंच, गाडीखाली आहात." आणि सही केली.

त्याच दिवशी मी तात्यांना पत्र लिहिलं. फोनवर त्यांनी मला बोलू दिलं नसतं.

*

ती. भानुदासतात्यांना,

साष्टांग नमस्कार.

रजा मिळाली. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी इंदापूरच्या स्टँडवर उतरेन. घ्यायला येऊ नका, तुमच्याकडे गाडी नाही.

अंगणात आल्यावर आधी बूट काढीन, बंपरपासून लांब. मग माझ्या चपला मीच घालीन आणि तीन पावलं चालून दाखवीन. त्यानंतर तुम्ही जॅक लावा. घोड्या काढायला मी हात देईन, पण सांगाल तसंच. आईकडून परात आणून ठेवा, पोच्याचं आता सांगत नाही. ते अर्धवट राहिलेलं तेलाचं काम मात्र गॅरेजमधून करून घेऊ. सविता गाडीत बसणार आहे, आणि तिची साडी नवी आहे.

तुम्ही मला उचललंत, हे सगळं गाव सांगतं. पण त्यानंतरची सगळी वर्षं, मी वर असताना, तुम्ही खालून हात काढला नाही. इथं पहिल्या पगाराच्या दिवशी मला हेच आठवलं. कुणाला सांगावं कळेना, म्हणून तुम्हाला लिहितो.

एक विनंती आहे. सविताला कार्यालयात सोडून, लग्न लावून आपण घरी येऊ, तेव्हा मी चपला तुमच्या दारात काढीन. आणि परत येताना बूट घालून येईन. चपला तिथंच राहू द्या. गाडी खुशाल वरखाली करा, त्यांचा बंपरशी काही संबंध नाही. त्या दारात आहेत. तुमच्याच नियमानं, माणूस घरात आहे.

तुमचा,
मास्तर